मुकादमाला कळेल असा प्लँटिंग प्लॅन कसा काढायचा

बाणेरच्या एका सोसायटीत कुंपणालगत ताम्हणाची चौदा झाडं लावायची होती. प्लॅन मी फार हौसेनं केला होता. प्रत्येक झाडाला जलरंगासारखं पानापानांचं चिन्ह, आग्नेयेकडे पडलेली मऊ सावली, खाली हिरवळीचा पोत. सोसायटीच्या बैठकीत सगळे खूश झाले. घाई होती म्हणून तोच प्लॅन पीडीएफ करून ठेकेदाराला पाठवला. दोन दिवसांनी साईटवर गेले तर चौदापैकी सात खड्डे कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या काठाला, चिकटलेले. मुकादमाला विचारलं, तर त्यानं कागद पुढे धरला. "मॅडम, जिथं गडद दिसतंय तिथंच मारलेत की." गडद होती ती सावली. झाडाचा मध्य चिन्हात कुठेच दाखवलेला नव्हता, म्हणून त्यानं डोळ्याला जो मध्य वाटला तो धरला. चूक त्याची नव्हती. सात खड्डे बुजवून पुन्हा मारायचा खर्च मात्र झालाच.

तेव्हापासून क्लायंटचा प्लॅन वेगळा आणि साईटचा वेगळा, अशी सवय लावून घेतली. कॉलेजात प्रेझेंटेशन शीट शिकवतात, साईट शीट प्रत्येक जण आपापल्या चुकांमधून शिकतो. पुण्यात नुकतंच लँडस्केपचं काम सुरू केलं असेल, ऑटोकॅड बऱ्यापैकी येत असेल आणि पहिला प्लँटिंग प्लॅन ठेकेदाराकडे जाणार असेल, तर खालच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. उदाहरणं ऑटोकॅडची आहेत. व्हेक्टरवर्क्स, लँड एफएक्स किंवा स्केचअप-लेआऊट वापरत असाल तर बटणं बदलतील, काम हेच राहील.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- आर्किटेक्टचा ताजा साईट प्लॅन. कर्ब, भिंती, कॉलम, डक्ट, चेंबर सगळं त्यात असलेला.
- ड्रेनेज, पाणी आणि इलेक्ट्रिकच्या लायनींचा प्लॅन. पोडियमवर, म्हणजे जमिनीऐवजी स्लॅबवर, बाग असेल तर तिथे माती किती खोल मिळणार, तो सेक्शनही.
- साईटवर आधीपासून असलेल्या झाडांची यादी आणि जागा.
- तुमचा मंजूर झालेला डिझाईन प्लॅन.
- एखाद्या नर्सरीची चालू रेटलिस्ट. हडपसर, मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच आहे, एक चक्कर मारून या. कुठलं रोप कुठल्या पिशवीत मिळतं हे सॉफ्टवेअर सांगत नाही.
- ए-थ्री प्रिंटर, किंवा जवळचं झेरॉक्सचं दुकान.

१. शीट कोण वाचणार ते ठरवा

ठेकेदाराच्या ऑफिसात प्लॅन पोचतो, पण वाचतो तो साईटवरचा मुकादम. उन्हात उभा राहून, एका हातात टेप धरून, बहुतेक वेळा काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर. त्याला चारच गोष्टी हव्या असतात: कुठलं झाड, किती नग, नेमकं कुठं, किती अंतरावर. या चारांपैकी एकाचंही उत्तर न देणारी रेघ शीटवर असेल तर ती काढून टाका. पाण्याचा पोत, फरशीचा पॅटर्न, बाकावर बसलेली माणसं, गाड्या, सावल्या, सगळं गेलं तरी चालतं.

झाडं आणि झुडपं एकाच शीटवर कोंबू नका. साईटवर ही कामं वेगवेगळ्या वेळी होतात. मोठी झाडं आधी येतात, त्यांना जेसीबी लागतो, पोडियम असेल तर क्रेन. मग माती भरणं, मग झुडपं, सगळ्यात शेवटी लॉन. टोळ्याही वेगळ्या असतात. म्हणून मी तीन शीट करते: झाडं व पाम, झुडपं व जमिनीलगतची रोपं, आणि लॉन. तिन्हींचा बेस प्लॅन एकच, एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरची फाईल म्हणून जोडलेला. बेस बदलला की तिन्हीकडे आपोआप बदलतो.

२. फाईल साफ करा

डिझाईन प्लॅनची फाईल 'सेव्ह ॲज' करून नवी प्रत घ्या, मूळ फाईलला हात लावू नका. मग पर्ज आणि ओव्हरकिल चालवा. पर्ज न वापरलेले लेयर आणि ब्लॉक काढतं, ओव्हरकिल एकावर एक बसलेल्या रेघा. आर्किटेक्टच्या फाईलमध्ये अशा रेघा हमखास असतात, आणि प्रिंटमध्ये भिंत विनाकारण जाड दिसते. बेसचे सगळे लेयर एका फिकट राखाडी रंगात टाका. फर्निचर, कार, ग्रिडचे आकडे फ्रीझ करा. फक्त कॉलम ठेवा, ते पुढे मापं घ्यायला लागतील.

फाईलचं युनिटही आताच बघून घ्या. बेस मिलिमीटरमध्ये आणि तुमचे झाडांचे ब्लॉक मीटरमध्ये असले, की ब्लॉक एकतर दिसतच नाहीत किंवा अख्खी साईट झाकतात.

३. झाडाचं चिन्ह: वर्तुळ आणि मधोमध फुली

माझ्या सात खड्ड्यांची गोष्ट इथलीच. साईटच्या शीटवर झाड म्हणजे एक साधं वर्तुळ आणि त्याच्या बरोब्बर मधोमध एक फुली. फुली म्हणजे खोड, खड्डा तिथंच. ही खूण सूचीत शब्दांत लिहा: "फुली = खोडाची जागा". सगळ्यांना माहीत असतं असं समजू नका.

वर्तुळ केवढं काढायचं? कॉलेजात शिकवल्याप्रमाणे पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर काढला, तर पर्जन्यवृक्षाखाली अर्धी साईट झाकली जाते आणि खालची झुडपं वाचताच येत नाहीत. वाढीचा हिशोब डिझाईन करताना झालेला असतो, तो त्या शीटवर राहू द्या. साईट शीटवर मी तीनच मापं वापरते: मोठं झाड ३ मीटर, लहान झाड २ मीटर, पाम दीड मीटर. १:२०० ला कागदावर ती १५, १० आणि साडेसात मिलिमीटर होतात, म्हणजे नजरेत भरतील एवढी, पण एकमेकांवर चढणार नाहीत. पामला आतून चार-सहा आरे दिले की तो लांबूनही ओळखू येतो. प्रत्येक जातीला वेगळं नक्षीदार चिन्ह द्यायचा मोह आवरा. वीस जातींची वीस चिन्हं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. जात चिन्हानं नाही, कोडनं सांगायची.

प्रत्येक जातीचा ब्लॉक मात्र वेगळा ठेवा, दिसायला सारखा असला तरी, आणि ब्लॉकचं नाव म्हणजेच कोड. ब्लॉकचा इन्सर्शन पॉइंट फुलीवर. नग मोजताना याचा फायदा होतो: ऑटोकॅड २०२२ पासून 'काउंट' आज्ञा आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत एक्सप्रेस टूल्समधली 'बीकाउंट'. दोन ठिकाणी मोजणी चुकते. कुणीतरी ब्लॉक एक्स्प्लोड केला तर तो मोजणीत येतच नाही. आणि डायनॅमिक ब्लॉकचा आकार बदलला, तर बीकाउंट त्याला मूळ नावाऐवजी तारांकनानं (*) सुरू होणारं निनावी नाव देऊन वेगळंच मोजतं. म्हणून साईट शीटला साधे ब्लॉकच बरे.

आधीपासून असलेली झाडं तुटक रेघेनं, खोड भरीव, आणि शेजारी स्पष्ट शब्दांत "राखायचं". शहरातली झाडं तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली परवानगी लागते. मुकादमानं जुना कडुनिंब "नकाशात नव्हता म्हणून" पाडला, तर ती सबब कुठे चालत नाही.

४. झुडपं एकेक काढू नका

नवीन माणसाची ठरलेली चूक. एक फुटावर लावायची रोपं १:२०० च्या प्लॅनवर दीड-दीड मिलिमीटरवर येतात. तुम्ही एकेक गोल काढला तर प्रिंटमध्ये फक्त काळा ढीग दिसतो, आणि फाईल इतकी जड होते की ठेकेदाराच्या जुन्या संगणकावर उघडतच नाही. वर मुकादम ते गोल मोजायला बसतो, त्याचा आकडा वेगळा येतो आणि भांडण सुरू.

त्याऐवजी प्रत्येक वाफ्याची बंद पॉलीलाइन काढा. आत हलकी हॅच आणि मध्ये एक लेबल: कोड, नग, अंतर. उदाहरणार्थ "तग, ५१ नग, दीड फूट झिगझॅग". झिगझॅग म्हणजे एका ओळीतलं रोप पुढच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध. एवढं पुरतं. तरी लावायची पद्धत दाखवायचीच असेल तर शीटच्या कोपऱ्यात एकदाच मोठ्या स्केलवर झिगझॅगची आकृती काढा.

नग किती, हे क्षेत्रफळावरून येतं. हॅच निवडली की प्रॉपर्टीजमध्ये क्षेत्रफळ दिसतं, एका जातीच्या सगळ्या हॅच एकदम निवडल्या तर बेरीज दिसते. फाईल मिलिमीटरमध्ये असेल तर तो आकडा दहा लाखांनी भागा, चौरस मीटर मिळतात. त्याला १०.७६ नं गुणलं की चौरस फूट. इथे एखादं शून्य इकडचं तिकडे झालं की पाचशेऐवजी पाच हजार तगर येते. हसू नका, ऑर्डर देणारा माणूस कागदावर असेल तेच मागवतो.

पुण्यात साईटवर बहुतेकांचा हिशोब फुटात चालतो, म्हणून हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. १०० चौरस फुटांत किती रोपं बसतात:

- ९ इंचावर: चौकोनी ओळीत १७८, झिगझॅगमध्ये २०५
- १ फुटावर: १०० आणि ११५
- दीड फुटावर: ४४ आणि ५१
- २ फुटांवर: २५ आणि २९

झिगझॅगमध्ये ओळी जवळ येतात, म्हणून रोपं साधारण १५ टक्के जास्त लागतात. दीड फुटावर लावायचं असेल तर दोन ओळींमधलं अंतर साडेपंधरा इंच होतं, अठरा नव्हे. हे लेबलात लिहिलं नाही तर टोळी ओळीही दीड फुटावर धरते. रोपं शिल्लक राहतात आणि वाफा विरळ दिसतो, मग दोष डिझाईनवर येतो. मरणाऱ्या रोपांसाठी जादा नग धरायचे असतील तर ते यादीत वेगळ्या रकान्यात दाखवा, वाफ्याच्या लेबलात मिसळू नका.

दोन वाफ्यांची सीमा जिथं मिळते तिथं एकच रेघ असावी. वेडेलिया आणि रुएलिया यांच्यामध्ये तुमच्या फाईलमध्ये तीन इंचांची फट राहिली, तर साईटवर तिथं मुरूम उघडा पडतो आणि पहिल्या पावसात तणाचा पट्टा उगवतो.

५. नावं आणि कोड

या पायरीला घाई करू नका, कारण सगळ्यात महाग चुका इथंच होतात. तुम्ही लिहिलं "चाफा". आता तो देवचाफा, म्हणजे प्लुमेरिया? सोनचाफा? हिरवा चाफा तर चढणारी वेल आहे. नागचाफा आणखी वेगळा. नर्सरीत "चाफा" म्हटल्यावर माणूस जो जवळ असेल तो देतो. "अशोक" म्हटलं की उंच सरळ खांबासारखं पॉलिअल्थियाच येतं. तुम्हाला नारिंगी फुलांचा सीता अशोक, म्हणजे सराका असोका, हवा असला तरी. एकट्या "फायकस"मध्ये तर ब्लॅकी, पांडा आणि अजून काय काय निघतं.

म्हणून यादीत प्रत्येक झाडाची तीन नावं: मराठी, शास्त्रीय आणि नर्सरीत चालणारं. तगर नर्सरीत "चांदणी" म्हणून मिळते, कुंती "मधुकामिनी" म्हणून. शास्त्रीय नावं बदलत राहतात. सोनचाफ्याचं मिशेलिया चंपाका जाऊन मॅग्नोलिया चंपाका झालं, पण नर्सरीच्या पाटीवर अजून मिशेलियाच आहे. नवं नाव लिहा आणि शेजारी "जुनं: मिशेलिया" असंही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नाही आवडणार, टेम्पो मात्र बरोबर झाडं घेऊन येईल.

कोड मी देवनागरीत देते. आधी ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी अक्षरं द्यायचे, ती शास्त्रीय नावाची असायची. त्यामुळे बहाव्याचा कोड आणि बहावा हा शब्द यांचा काही संबंधच लागायचा नाही, मुकादम दर वेळी यादीत बोट फिरवत बसायचा. आता बहाव्याला "बह", बकुळीला "बक". एका अक्षराचा कोड देऊ नका, मराठीत "क"नं सुरू होणारी झाडंच किती: कांचन, करंज, कडुनिंब, कदंब, कण्हेर. मी ते कांच, कर, कनि, कद, कण्हे असे ठेवते. एकदा ठरवलेला कोड सगळ्या प्रोजेक्टांत तोच. तीच ती टोळी पुढच्या साईटवर भेटते, तिला कोड पाठ झालेले असतात.

देवनागरीचा एक तांत्रिक खड्डा: ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हं दिसतात. मंगल किंवा निर्मलासारखा युनिकोड फाँट घ्या, निर्मला विंडोजबरोबरच येतो. डीटीपीवाल्यांचे जुने फाँट वापरू नका. तुमच्याकडे ताम्हण दिसेल आणि ठेकेदाराकडे इंग्रजी अक्षरांची भेळ.

लेबल लावताना एकाच जातीची पाच-सहा झाडं जवळ असतील तर त्यांच्या फुल्या एका बारीक रेघेनं जोडा आणि शेवटी एकच लेबल: "ताम-६". सहा वेळा "ताम" लिहायची गरज नाही. या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका, आणि कुठल्या तिसऱ्याच झाडावरून जाऊ देऊ नका. छेदल्याशिवाय मार्गच नसेल तर समजा की शीटवर गर्दी झालीय, ती दोन भागांत तोडा.

६. यादी

यादी प्लॅनच्याच शीटवर, उजवीकडे. वेगळी एक्सेल फाईल दिली तर ती ऑफिसात राहते, साईटवर प्लॅन एकटाच जातो. रकाने असे: कोड, तीन नावं, नग, उंची, पिशवी, अंतर, शेरा.

उंची फुटात लिहा आणि खाली एक ओळ टाका: "उंची मातीपासून, पिशवी सोडून". नाहीतर नर्सरीवाला पिशवीसकट मोजतो आणि तुमचं दोन फुटी रोप सव्वा फुटाचं निघतं. पिशवीचं माप इंचात, जसं नर्सरीत बोलतात तसं, "आठ बाय दहा" किंवा "अठरा बाय अठरा". सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीत लिटरमधली कुंडी किंवा गॅलन लिहिलेलं असतं. ते तसंच ठेवलं की ठेकेदार फोन करतो आणि दोघंही अंदाज बांधत बसता.

मोठ्या झाडांच्या यादीखाली खड्ड्याचं माप आणि माती किती ते द्या. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्याला ३५.३ घनफूट माती लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे तीन खड्ड्यांना एक ब्रासहून थोडी जास्तच. बारा झाडांना सव्वाचार ब्रास धरा. हा आकडा लिहिलात तर मुकादम तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतो.

७. मापं कुठून घ्यायची

प्लॅनवर झाड बरोबर जागी असून उपयोग नाही, मुकादमाला ती जागा टेपनं गाठता आली पाहिजे. त्याला कोऑर्डिनेट देऊ नका. साईटवर खरोखर उभी असलेली गोष्ट धरा: कर्ब, कंपाउंडची भिंत, कॉलमचा कोपरा. ड्राइव्हवेची मध्यरेषा कागदावरच असते, जमिनीवर नाही.

एका ओळीतल्या झाडांची मापं एकाच शून्यापासून चढत्या क्रमानं द्या: ०, ४.५, ९, १३.५ मीटर. झाड ते झाड असं माप दिलं तर दर वेळी इंचभर चूक होते आणि दहाव्या झाडाला ती पाऊण फूट झालेली असते. शून्य कुठलं ते मोठ्या अक्षरात लिहा. गोलाकार वाफ्याला एक सरळ रेघ आधार धरून दर दोन मीटरवर काटकोनात अंतर द्या. सुतळी, खुंट्या आणि फक्की एवढ्यावर मुकादम तो गोल जमिनीवर उतरवतो. गुण्या, म्हणजे काटकोन, धरायला ३-४-५ चा त्रिकोण त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो.

मापं मीटरमध्ये दिलीत तरी चालतं, टेपला दोन्ही बाजू असतात. फक्त एकाच शीटवर मीटर आणि फूट मिसळले असतील तर एकक प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

चेंबर आणि लायनी याच शीटवर तुटक रेघेनं दाखवा. ड्रेनेजच्या चेंबरवर खड्डा आला, तर मुकादम झाड स्वतःच्या मनानं हलवतो आणि तुम्हाला कळतंही नाही.

८. रेघा, हॅच, प्रिंट

तुमचा प्लॅन ए-वन असला तरी साईटवर ए-थ्री फिरतो, कारण तो खिशात मावतो. ए-वनचा ए-थ्री केला की सगळं निम्मं होतं: १:१०० चं १:२०० झालं, अडीच मिलिमीटरची अक्षरं सव्वा मिलिमीटर झाली. म्हणून अक्षरं सुरुवातीलाच साडेतीन ते चार मिलिमीटर ठेवा. आकडी स्केलबरोबर पट्टीस्केलही काढा, प्रिंट कितीही लहान-मोठा झाला तरी पट्टी त्याच प्रमाणात बदलते.

रेघेच्या तीन जाड्या बस्स: वाफ्याची हद्द ०.३५, झाडाचं वर्तुळ ०.२५, बेस ०.१३ आणि तोही फिकट. रंगावर काहीही अवलंबून ठेवू नका. पोपटी आणि गडद हिरवा झेरॉक्समध्ये एकच राखाडी होतात. हॅच चार-पाच प्रकारांच्या वर नकोत, आणि ए-थ्रीला भरून काळ्या होणार नाहीत इतक्या विरळ. खरी चाचणी अशी: प्रिंट काढा, तिची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. दुसऱ्या झेरॉक्सवर कोड वाचता आला तर शीट साईटवर जायला हरकत नाही.

९. पीडीएफ पाठवताना

- प्लॉट करताना 'फिट टू पेपर'ची खूण काढा आणि स्केल स्वतः निवडा. दुकानदारालाही "ॲक्च्युअल साईज" म्हणून सांगा. त्याचा प्रिंटर गुपचूप तीन-चार टक्के आक्रसतो आणि पट्टी लावून मोजणारा फसतो.
- एसएचएक्स फाँट कुठे शिल्लक असतील तर पीडीएफमध्ये प्रत्येक शब्दावर पिवळी टिप्पणीची चौकट दिसू शकते. ऑटोकॅडमध्ये 'पीडीएफएसएचएक्स' हे व्हेरिएबल शून्य करा आणि पुन्हा प्लॉट काढा.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो अक्षरं चिरडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- डीडब्ल्यूजी मागितली तर ई-ट्रान्समिटनं द्या, म्हणजे एक्सरेफ सोबत जातात. नाहीतर ठेकेदाराकडे झाडं दिसतात आणि इमारत गायब असते.
- फाईलच्या नावात तारीख आणि आवृत्ती. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नक्की" ही नावं मीही दिलेली आहेत.

जूनमध्ये पाऊस लागला की लागवडीची धांदल उडते आणि कागद चिखलात जातात. ए-थ्रीच्या दोन प्रती लॅमिनेट करून द्या, फार पैसे पडत नाहीत. वर मार्करनं खुणाही करता येतात.

१०. मुकादमाची परीक्षा, खरं तर तुमची

शीट मंजूर व्हायच्या आधी प्लॅन कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. मुकादम मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑफिसातला नवा मुलगा किंवा घरातलं कुणीही. तोंडातून एक शब्द न काढता त्याला विचारा: पहिला खड्डा कुठं मारशील? टेम्पोत तगर किती भरशील? या वाफ्यात ओळीतलं अंतर किती? हे झाड तोडायचं की ठेवायचं? तो जिथं अडतो तिथं तुमची बोटं आपोआप कागदाकडे जातात, समजावून सांगायला. हात मागे घ्या आणि तिथं एक खूण करा. साईटवर तुम्ही शेजारी उभ्या नसणार, त्यामुळे ती खूण झालेली प्रत्येक जागा शीटवरच दुरुस्त व्हायला हवी.

मागे एका मुकादमानं या परीक्षेत मलाच प्रश्न टाकला: "हे गोल सगळे सारखेच, मग मोठं कुठलं न् छोटं कुठलं?" वर्तुळांची तीन मापं तेव्हापासूनची.

११. साईटवर बदल झाला की

होणारच. अमुक माप मिळत नाही, खडक लागला, सोसायटीच्या अध्यक्षांना गेटजवळ गुलमोहरच हवा. बदल फोनवर मान्य केलात तरी त्याच दिवशी शीटवर ढगाच्या रेघेनं घेरा, आवृत्तीचा आकडा वाढवा आणि जुनी प्रत साईटवरून परत मागून घ्या. दोन आवृत्त्या एकाच वेळी फिरल्या की टोळी जुनीच धरते, कारण ती मळकी झालेली असते आणि ओळखीची वाटते.

काम संपलं की मुकादमाकडची लॅमिनेट केलेली प्रत मागून घ्या. त्यावर त्यानं मार्करनं केलेल्या खुणा, हलवलेली झाडं, बदललेल्या जाती तुमच्या फाईलमध्ये उतरवा आणि त्यावर प्रत्यक्ष लावलेल्याची तारीख टाका. देखभालीच्या मुदतीत मेलेली झाडं बदलून मागताना हीच शीट काढावी लागते. कुठल्या वाफ्यात ५१ तगर लावली होती आणि आता ३८च का दिसतात, हे तेव्हा कागदावरून दाखवता येतं.